एका शब्दाचा प्रवास : पॅरडाइज

एखादे स्थळ अतिशय रमणीय असले, तेथे पाणी, सावली, फुले-फळे आणि निवांतपणा यांचा एकत्र लाभ होत असला, की आपण त्याला सहज ‘नंदनवन’ म्हणतो. काश्मीरला ‘पृथ्वीवरील नंदनवन’ म्हणण्याची रूढी सर्वपरिचित आहे. ‘नंदन’ हा शब्द संस्कृतातील ‘नन्द्’ म्हणजे आनंदित होणे या धातूपासून बनला. पुराणांनुसार नंदन हे इंद्राच्या उपवनाचे नाव होय. जे वन आनंद देते ते नंदनवन, इतका त्याचा अर्थ सरळ आहे. हे नाव त्या जागेला मिळाले ते तिथे गेल्यावर मनाला काय वाटते यावरून.

नंदनवनाच्याच अर्थाने जगातील अनेक भाषांत दुसरा एक शब्द वापरला जातो. इंग्रजीत तो ‘पॅरडाइज’ म्हणून येतो. आपल्याकडे उपाहारगृहे, चित्रपटगृहे, निवासी वसाहती यांच्या पाट्यांवर तो सर्रास दिसतो. हा शब्द मात्र आनंदाचे नाव सांगत नाही, सौंदर्याचेही सांगत नाही. त्याचा मूळ अर्थ आहे ‘सभोवताली घातलेली भिंत’. भिंतीसाठी असलेला एक साधा शब्द स्वर्गाचे नाव कसा झाला, हे पाहणे उद्‌बोधक आहे. शब्दाचा हा प्रवास सुमारे अडीच हजार वर्षांहून अधिक काळाचा असून तो इराण, ग्रीस, अरबस्तान आणि भारत अशा अनेक भूमींतून झालेला आहे.

या शब्दाचे सर्वांत जुने रूप अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत आढळते. ते रूप म्हणजे ‘पइरिदएझ’. अवेस्ताची भाषा आणि वैदिक संस्कृत या एकाच कुळातील सख्ख्या बहिणी असल्यामुळे या शब्दाचे दोन्ही अवयव आपल्याला सहज ओळखता येतात. ‘पइरि’ म्हणजे आपला ‘परि’ हा उपसर्ग. परिसर, परिघ, परिक्रमा या शब्दांत तो ‘सभोवती’ या अर्थाने आहेच. दुसरा अवयव ‘दएझ’ हा संस्कृतातील ‘दिह्’ या धातूशी संबंधित आहे. संस्कृतात जेथे ‘ह’ असतो तेथे इराणी भाषांत पुष्कळदा ‘झ’ किंवा ‘ज’ येतो. संस्कृतातील ‘बाहु’ आणि फारसीतील ‘बाजू’ ही याचीच एक जोडी होय. फारसीतील तो ‘बाजू’ हा शब्द पुढे मराठीतही रुळला.

‘दिह्’ या धातूचा अर्थ लिंपणे, माखणे, मातीचा ढीग रचून त्याला आकार देणे असा आहे. ‘देह’ हा शब्द त्याच धातूपासून आला. घडवलेले, आकार दिलेले ते शरीर, म्हणजे देह. ‘संदेह’ आणि ‘संदिग्ध’ हे शब्दही त्याच कुटुंबातले. एखादी वस्तू लिंपून झाकून गेली म्हणजे ती स्पष्ट दिसत नाही, तिच्याविषयी संशय राहतो. ऋग्वेदात ‘देही’ हा शब्द तटबंदी किंवा बांध या अर्थानेही येतो. तेव्हा ‘पइरिदएझ’ म्हणजे सभोवती माती रचून, लिंपून उभारलेला कूस. या शब्दाच्या जन्माशी कुणी माळी अथवा कवी नव्हता. मातीने हात भरलेला एक भिंत लिंपणारा मनुष्य होता.

अवेस्तातील ‘वेंदिदाद’ या भागात हा शब्द ज्या संदर्भात आला आहे, तो पाहिला तर आश्चर्य वाटते. वेंदिदादमध्ये शुद्धाशुद्धतेचे नियम सांगितलेले आहेत. प्रेत एकट्याने वाहून नेणारा मनुष्य अशुद्ध मानला जाई. त्याच्यासाठी जेथे पाणी आणि वनस्पती कमीत कमी आहेत अशा कोरड्या जागी एक आवार उभारावे, तेथे त्याला ठेवावे आणि त्याला अन्न-वस्त्र पुरवावे, असे तेथे सांगितले आहे. त्या आवाराला ‘पइरिदएझ’ म्हटले आहे. ज्या शब्दाने पुढे हिरव्यागार बागेचे चित्र उभे केले, तो येथे माणसाला इतरांपासून वेगळे ठेवण्याच्या रूक्ष जागेसाठी वापरलेला आहे. शब्दाला दोन्ही ठिकाणी एकाच गोष्टीशी कर्तव्य आहे : भिंत. ती कशासाठी घातली आहे, हे शब्द सांगत नाही. ते माणसे ठरवतात.

भिंत आणि बाग यांचा संबंध कसा जुळला, हे समजण्यासाठी इराणची भूमी डोळ्यांसमोर आणावी लागेल. इराणच्या पठारावर पाऊस थोडा, ऊन कडक आणि वारे कोरडे व धुळीचे. तेथे झाड आपोआप वाढत नाही. ते लावावे लागते, त्याला पाणी आणून घालावे लागते आणि गुराढोरांपासून व वाऱ्यापासून जपावे लागते. डोंगराच्या पायथ्याशी असलेले भूगर्भातील पाणी हाताने खणलेल्या लांबच लांब भूमिगत कालव्यांतून गावापर्यंत आणण्याची विद्या इराणी लोकांनी फार पूर्वी विकसित केली. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी उघड्यावर वाया जाऊ देणे परवडणारे नव्हते. म्हणून बागेला भिंत आवश्यक होती. भिंतीच्या आत सावली, गारवा आणि फळे, तर बाहेर लगेच वाळवंट, असे दृश्य जेथे नित्याचे आहे, तेथे ‘भिंतीच्या आतली जागा’ या शब्दाला ‘सुखाची जागा’ हा अर्थ चिकटणे स्वाभाविक होते.

इ. स. पूर्व सहाव्या शतकात सायरस या सम्राटाने पसारगादे येथे आपली राजधानी वसवली. तेथील उत्खननात दगडी पन्हळींचे अवशेष सापडले आहेत. या पन्हळींतून पाणी खेळवले जाई आणि ठराविक अंतरावर लहान चौकोनी कुंडे होती. पाण्याच्या या सरळ रेषांनी बाग आखीव भागांत विभागली जाई. 2011 साली युनेस्कोने इराणमधील नऊ बागांचा जागतिक वारसा यादीत एकत्रित समावेश केला, त्यांत पसारगादेची ही प्राचीन बागही आहे.

याच हखामनी राजवटीतील, इ. स. पूर्व 500 च्या सुमाराच्या मातीच्या हजारो पाट्या पर्सेपोलिस येथे मिळाल्या. राजाच्या कोठारांतील जमाखर्च त्यांवर एलामी भाषेत नोंदवलेला आहे. त्यांत ‘पार्तेतश’ असा शब्द येतो. हा आपल्याच शब्दाचा एलामी अवतार. पाट्यांवरील नोंदींवरून असे दिसते, की हे पार्तेतश म्हणजे फळे व धान्य साठवण्याच्या आणि झाडे लावण्याच्या जागा होत्या. म्हणजे या काळात शब्दाला फळबाग, रोपवाटिका आणि कोठार असा पक्का व्यवहारी अर्थ होता. त्याचा स्वर्गाशी काही संबंध नव्हता.

हा शब्द ग्रीक भाषेत प्रथम आणला तो झेनोफन या लेखकाने. इ. स. पूर्व 401 मध्ये धाकटा सायरस या इराणी राजपुत्राने आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध सिंहासनासाठी मोहीम काढली. तिच्यात ग्रीक भाडोत्री सैन्यासमवेत झेनोफन होता. आजच्या तुर्कस्तानातील केलाइनाई या गावी सायरसचा वाडा आणि एक विस्तीर्ण राखीव उद्यान होते. त्यात वन्य पशू सोडलेले असत आणि राजपुत्र तेथे घोड्यावरून शिकार करी. त्याच उद्यानात सायरसने आपल्या ग्रीक सैन्याची मोजदाद केली, तेव्हा सुमारे 13,000 सैनिक भरले, असे झेनोफन सांगतो. यावरून त्या जागेच्या विस्ताराची कल्पना येते. अशा उद्यानाला ग्रीक भाषेत नेमका शब्द नव्हता. म्हणून झेनोफनने इराणी शब्दच ग्रीक वळणाने ‘पारादेइसोस’ असा लिहिला.

झेनोफनने गृहव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात याच सायरसची एक हकिकत दिली आहे. स्पार्टाचा सेनापती लिसँडर सार्डिस येथे त्याच्या भेटीस गेला. सायरसने त्याला आपली बाग दाखवली. झाडांच्या सरळ रांगा, सारखी अंतरे, काटेकोर कोन आणि फुलांचा सुगंध यांनी लिसँडर थक्क झाला. ज्याने ही बाग आखून दिली त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे, असे तो म्हणाला. त्यावर सायरसने सांगितले, की ही आखणी मीच केली आहे आणि यांतील काही झाडे मी स्वतःच्या हातांनी लावली आहेत. लिसँडरला हे खरे वाटेना. त्याने राजपुत्राच्या भरजरी वस्त्रांकडे आणि दागिन्यांकडे पाहिले. तेव्हा सायरसने शपथपूर्वक सांगितले, की युद्धाचे किंवा शेतीचे काही काम करून घाम गाळल्याशिवाय मी कधी भोजनास बसत नाही. राजपुत्राने लावलेली झाडे थोडी असतील आणि उरलेली अनेक अनाम माणसांनी लावली असतील. तरीही बाग ही कष्टाने घडवायची वस्तू आहे, ही जाणीव या कथेत स्पष्ट आहे.

शब्दाच्या अर्थाला सर्वांत मोठे वळण मिळाले ते भाषांतरामुळे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरात ज्यू धर्मग्रंथांचे हिब्रूतून ग्रीक भाषेत भाषांतर सुरू झाले. ईश्वराने पहिल्या मानवासाठी एदेन येथे बाग लावली, अशी कथा त्या ग्रंथांच्या आरंभी आहे. बागेसाठी हिब्रूत ‘गन’ हा शब्द होता आणि त्याच्याही मुळाशी कुंपण घालून रक्षण करण्याचीच कल्पना आहे. भाषांतरकारांनी त्याला ‘पारादेइसोस’ हा प्रतिशब्द योजला. राजाच्या राखीव उद्यानाचे नाव अशा रीतीने ईश्वराच्या बागेला मिळाले. कथेत पुढे आज्ञाभंग झाल्यावर मनुष्य त्या बागेतून बाहेर काढला जातो आणि तेथे पहारा बसतो. आतापर्यंत भिंतीच्या आत काय आहे याला महत्त्व होते. या कथेने आपण भिंतीच्या बाहेर आहोत, ही व्यथा शब्दात आणली. नंतर ख्रिस्ती परंपरेत मरणोत्तर सुखाच्या स्थानासाठीही हाच शब्द रूढ झाला. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच आणि तेथून इंग्रजी अशा पायऱ्या उतरत तो ‘पॅरडाइज’ झाला.

हाच शब्द अरबीत ‘फिर्दौस’ या रूपाने स्थिरावला. कुराणात स्वर्गातील उद्यानासाठी तो दोन ठिकाणी आला आहे. अरबीमार्फत तो फारसीत परत आला, पण आता तो स्वर्गाचे वस्त्र पांघरून आला होता. इ. स. 1010 मध्ये ‘शाहनामा’ हे महाकाव्य पूर्ण करणाऱ्या इराणी कवीचे ‘फिर्दौसी’ हे नाव याच शब्दावरून आहे.

फारसी भाषेबरोबर फिर्दौस भारतात आला आणि त्याच्यासोबत चार भागांत विभागलेल्या बागेची, म्हणजे चारबागेची, कल्पनाही आली. बाबराला हिंदुस्थानात वाहत्या पाण्याचा अभाव जाणवला. त्याने आग्र्यास यमुनेकाठी रहाटांच्या साहाय्याने पाणी चढवून बागा उभ्या केल्या. दिल्लीतील हुमायूनची कबर, आग्र्याचा ताजमहाल आणि छत्रपती संभाजीनगर येथील, 1661 च्या सुमारास पूर्ण झालेला बीबी का मकबरा या वास्तू अशाच तटबंद चारबागांत उभ्या आहेत. मृत व्यक्तीला स्वर्गातील उद्यान लाभावे, ही भावना त्या रचनेतून व्यक्त होते. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील महालांमधून वाहणाऱ्या कालव्याला ‘नहर-ए-बिहिश्त’, म्हणजे स्वर्गाचा प्रवाह, असे नाव होते.

‘बिहिश्त’ हा स्वर्गासाठी फारसीतील दुसरा शब्द. तो अवेस्तातील ‘वहिश्त’ म्हणजे ‘सर्वोत्तम’ या शब्दापासून आला असून संस्कृतातील ‘वसिष्ठ’ हे त्याचेच भावंड होय. या बिहिश्तवरून ‘बिहिश्ती’ म्हणजे स्वर्गीय मनुष्य असा शब्द झाला. तोच आपल्या परिचयाचा ‘भिश्ती’. कातडी पखालीतून घरोघर पाणी पोहोचवणाऱ्या, रस्त्यावर पाणी शिंपणाऱ्या मनुष्याला लोकांनी स्वर्गीय म्हटले. कोरड्या देशात पाणी आणून देणाऱ्याचे मोल किती असते, हे या एका नावावरून कळते. मात्र असे गौरवाचे नाव मिळूनही भिश्त्याच्या पाठीवरचे ओझे हलके झाले नाही, हेही विसरता येत नाही.

भिंतीवरून बागेला नाव देण्याची ही रीत केवळ इराणची नाही. इंग्रजीतील ‘गार्डन’ आणि अंगणासाठी असलेला ‘यार्ड’ हे दोन्ही शब्द कुंपण घातलेली जागा या एकाच मूळ अर्थाचे आहेत. आपल्याकडे संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. त्यावरून ‘वाटिका’ झाली आणि मराठीत ‘वाडी’ व ‘वाडा’ हे शब्द आले. कोकणातील नारळी-पोफळीची वाडी, घरामागची फुलवाडी, दहा-वीस घरांची वाडी आणि दिंडीदरवाजाचा चौसोपी वाडा या सर्वांत आवाराची कल्पना समान आहे. अर्थाच्या दृष्टीने पाहता वाडी आणि पॅरडाइज हे शब्द एकमेकांचे शेजारी आहेत.

रामायणातील अशोकवाटिका आठवली तर या विषयाची दुसरी बाजूही ध्यानात येते. रावणाचे ते उपवन अतिशय सुंदर होते. वृक्ष, वेली, फुले, पाणी, कशाचीच उणीव नव्हती. परंतु सीतेला तेथे तिच्या इच्छेविरुद्ध ठेवलेले होते आणि भोवती राक्षसींचा पहारा होता. त्यामुळे त्या उपवनाचे सौंदर्य तिच्या दृष्टीने निरर्थक ठरले. वाटिका तीच असते, पण स्वेच्छेने आलेल्याला ती विश्रामस्थान वाटते आणि कोंडलेल्याला बंदिवास. वेंदिदादमधील त्या आवाराचा आणि या वाटिकेचा अर्थ येथे एकमेकांजवळ येतो.

आता या शब्दाच्या आणखी एका वंशजाची ओळख करून घेऊ. फिर्दौस हे रूप अरबस्तानातून सन्मानाने इराणात परतले. पण दरम्यान मूळ इराणी शब्द आपल्या घरीच बोलीत झिजत राहिला होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून त्याचे ‘पालेज’ असे रूप झाले. त्याचा अर्थ भाजीपाल्याचा मळा, विशेषतः खरबूज-काकडीचे शेत. हा शब्दही भारतात आला. तो राजवाड्यात गेला नाही, तर नदीच्या वाळूत जाऊन राहिला. उत्तर प्रदेशात गंगा-यमुनेच्या पात्रांत पिकवल्या जाणाऱ्या फळभाज्यांच्या शेतीला आजही पालेज म्हणतात.

पावसाळा सरून नदीचे पाणी ओसरले, की पात्रात वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. स्वतःची जमीन नसलेली अनेक कुटुंबे असा पट्टा खंडाने घेतात. खालची ओल लागेपर्यंत वाळूत खड्डे अथवा चर खणले जातात, त्यांत खत भरले जाते आणि ऐन थंडीत बी लावले जाते. थंड वाऱ्यापासून आणि उडणाऱ्या वाळूपासून कोवळ्या रोपांना जपण्यासाठी वाऱ्याच्या बाजूने गवताचे आडोसे उभे करतात. उन्हाळ्यात त्या पांढऱ्या वाळूवर हिरवे वेल पसरतात आणि टरबूज, खरबूज, काकडी, दुधी यांनी शेत भरून जाते. मग पावसाळा येतो, नदीला पूर येतो, आणि आडोशांसह सारे वाहून जाते. पुढच्या हंगामात पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. महाराष्ट्रातही काही नद्यांच्या पात्रांत टरबूज-खरबुजांच्या अशा वाड्या लावल्या जातात.

पॅरडाइज, फिर्दौस आणि पालेज हे तिन्ही शब्द एकाच ‘पइरिदएझ’ची लेकरे आहेत. एक वसाहतीच्या प्रवेशद्वारावर झळकतो, दुसरा प्रार्थनेत उच्चारला जातो, तिसरा वाळूत राबणाऱ्या माणसांच्या तोंडी असतो. मूळ अर्थाशी सर्वांत अधिक इमान राखले आहे ते बहुधा तिसऱ्याने. ओसाड जागी पाणी शोधणे, रोपाभोवती आडोसा उभारणे आणि त्याच्या आधाराने फळ पिकवणे, हेच तर त्या जुन्या शब्दाचे काम होते. पालेजमधील गवताचा आडोसाही एक प्रकारची भिंतच आहे. पण ती कुणा माणसाला बाहेर ठेवण्यासाठी नसून कोवळ्या रोपाला जगवण्यासाठी आहे.

शब्दांचा इतिहास अभ्यासताना त्यांचे अर्थ कोशात आपोआप उमटत नाहीत, हे लक्षात येते. ते माणसांच्या जगण्यातून घडतात आणि बदलतात. एका भिंतीच्या नावात राजाचे वैभव, श्रद्धावंतांची आशा, बहिष्कृताचे एकाकीपण आणि शेतकऱ्याचे श्रम असे सारे साठत गेले. आज मोठ्या शहरांत उंच भिंती आणि पहारेकरी असलेल्या निवासी संकुलांना ‘पॅरडाइज’ किंवा ‘नंदनवन’ अशी नावे दिली जातात. त्या पाट्या वाचताना या शब्दाचा प्रवास आठवावा. तेथील हिरवळीला पाणी कोण घालते आणि काम संपल्यावर त्याला त्या सावलीत घटकाभर बसता येते का, हा प्रश्न मनात यावा. नंदनवन हे नाव त्या जागेला खऱ्या अर्थाने शोभते की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.